उजवीकडे, गाढवासोबत

रात्रपाळी संपवून येते तेव्हा मनामा घामेजलेली असते,
चष्म्यावर वाफ, बोटांना स्पिरिटचा वास.
चहा उकळेपर्यंत मी शहराच्या जुन्या चित्रांत शिरते.
फुकट आहे,
आणि तिथे कुणी इकामा विचारत नाही.

शोधाच्या चौकटीत टाकलं: तांडेल. काही नाही.
टंडेल. तिंडल. तंदैल.
साहेबाच्या कानावर जसं पडलं असेल तसतसं.
मग नावाचा नाद सोडला
आणि नुसतं लिहिलं, धक्का.
चारशे बारा.

खजुराच्या करंड्या, तांदळाची पोती,
पोत्यांवर निजलेलं मांजर (त्याचीही नोंद आहे: मांजर).
बाब-अल-बहरैनची कमान, आणि कमानीला लागून समुद्र.
आता तिथे मी सिग्नलची वाट बघते.
समुद्र हवा तर टॅक्सी करायची.
ही ओहोटी नव्हे,
हा भराव.

तीनशे सहावं चित्र.
"कस्टमचा धक्का, सुमारे १९५६. हिंदी कारकून, नाव अज्ञात."
कानामागे पेन्सिल, हातात वही,
आणि डावा खांदा उतरलेला.
आमच्या घरात सगळ्यांचाच उतरतो,
शिंपी दरवेळी बोलून दाखवतो.

घरच्या ग्रुपवर टाकलं.
सुलभाआत्या: आत्मारामकाकाच! कपाळ बघ.
विश्राम, हर्णैहून: काकाचे कान सुपाएवढे. याचे डोक्याला चिकटलेत.
कुणी हात जोडले.
कुणी न बघताच शुभ सकाळचा गुलाब धाडला.
मग आत्याचा आवाज, चार मिनिटांचा:
गलबतानं गेला, दोन पत्रं आली,
तिसऱ्या खेपेला आमचीच मनिऑर्डर परत आली.
संध्याकाळी एवढंच लिहिलं तिनं:
नसेल तो. कान खरंच नाहीत तसे.

खोलीची चावी पुन्हा तुटली म्हणून अब्दुलनबीकडे गेले.
म्हातारा धक्क्यावरची हिंदी बोलतो,
तिच्यात क्रियापदं कमी, माल जास्त.
उगाच दाखवलं, बघा तुमचं शहर.
कारकुनाकडे त्यानं पाहिलंही नाही.
किसाने काळी झालेली दोन बोटं काचेवर ठेवली,
आणि चित्र ओढत नेलं
उजव्या कडेपर्यंत,
जिथे एक पोर उभं होतं, गाढवाच्या पखालीला रेलून,
अर्धं चौकटीबाहेर.

मशीन बंद केलं त्यानं.
"मिर्झा," म्हणाला. "बडा भाई."
मग बराच वेळ गाढवाविषयी बोलला.
गाढवाचं नाव बिल्किस.
चावायची, पण मिर्झाला नाही.
पुढच्या उन्हाळ्यात ताप आला, तिसऱ्या दिवशी संपलं.
फोटो कुठला, मोहल्ल्यात कॅमेरा कुणाकडे होता?

केरळी स्टुडिओत मोठा करून घेतला, दीड दिनार.
संग्रहाचा फिका शिक्का नेमका पोराच्या छातीवर आला.
स्टुडिओवाला म्हणाला, पुसून देऊ?
अब्दुलनबी म्हणाला, असू दे,
सरकारनं सांभाळलं म्हणून तर दिसला.
चावीचे पैसे घेतले नाहीत.
चावी मात्र उलटी कापली होती;
दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं लागलं.

मी संग्रहाला कळवलं, मोडक्या इंग्रजीत, तीनदा.
अठरा दिवसांनी नोंद बदलली:
"हिंदी कारकून, नाव अज्ञात.
उजवीकडे, गाढवासोबत: मिर्झा, पाणीवाला."
बिल्किसला त्यांनी घेतलं नाही.
पुरावा लागतो, म्हणे.

आत्याला पाठवलं.
ती अजून कारकुनावरच अडलेली.
लिहिते: खांदा मात्र आपला आहे हो.
आणि थोड्या वेळानं:
त्या पोराची आई तेव्हा होती का गं?

चहा उतू गेलाय.
तीनशे सातव्या चित्रात माणसं पाठमोरी आहेत,
अकरा जणं, शिडाखाली वाकलेली.
खांदे मोजत बसले आहे.